कापसाच्या पुंजक्याने निवडलेली जागा

नको असलेल्या वस्तूलाही कुठेतरी राहावेच लागते, हे सनातन सत्य काजळपूर नगरपालिकेने सन १९६३ च्या पौषात एकमताने मंजूर केले. वस्तू म्हणजे कपाशीवर फवारायच्या विषाचे रिकामे डबे, कातडी कमावण्याच्या कारखान्यातला गाळ आणि दवाखान्यातल्या पट्ट्या. इतके दिवस हे सारे बाजारामागच्या खड्ड्यात गुण्यागोविंदाने नांदत होते. पण तिथे चरून दोन म्हशी मेल्या, आणि त्यांतली दुसरी अध्यक्षांची निघाली. (पहिली मेली तेव्हा ठराव सुचला नव्हता.) मग ही घाण जाळायला भट्टी बांधायचे ठरले, आणि योग्य जागा शोधायचे काम ओव्हरशियर वामनरावांकडे आले.

वामनराव शास्त्रीय वृत्तीचे. वारा मोजायचे यंत्र मागवायला दोन अर्थसंकल्प लागले असते, म्हणून त्यांनी कापसाचा पुंजका घेतला. जागेवर उभे राहायचे, पुंजका सोडायचा, कुठे जातो ते वहीत लिहायचे. वऱ्हाडात हे यंत्र कुणाच्याही खिशात (हंगामात मिशीतसुद्धा) सापडते.

उत्तरेच्या जागेला लागून अध्यक्ष महादेवरावांचा संत्र्यांचा बगीचा होता. तिथे पुंजका खिशातच राहिला. दक्षिणेला मॅजिस्ट्रेटसाहेबांचा बंगला; तिथे वामनरावांनी टोपी सारखी केली आणि परतले. पूर्वेचा पुंजका सरळ गावात शिरला आणि ओळखीच्या घरी जावे तसा जिनिंगच्या आवारात जाऊन बसला. उरली पश्चिम. तिथला पुंजका गावाकडे पाठ करून शेतांवरून निघून गेला. शिवाय नकाशात पश्चिमेला नुसता कोरा कागद होता. (नकाशा इंग्रजांच्या वेळचा, शाई मात्र अजून ठणठणीत.)

त्या कोऱ्या कागदावर त्रेसष्ट घरे, एक विहार आणि एक विहीर होती. विहीर वस्तीने दीक्षेच्या पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी खोदलेली. तिच्यावाचून पाणी नाही. राख पुरायचा खड्डा तिच्यापासून बरोबर चाळीस पावलांवर येत होता. वामनराव ती पावले मोजत असताना वस्तीतल्या पंचफुलाबाईने त्यांना तांब्याभर पाणी दिले. गोड लागले. त्यांनी दुसरा तांब्याही मागितला.

"काय मोजून राह्यले साहेब?"

वामनरावांनी सांगितले. नकाशाही उलगडून दाखवला.

"याच्यात आमी नाईच?"

"नाही, बाई."

"अन् मतं मांगाले आले तवा त घरोघर सापडलो होतो!"

विहिरीवरच्या बाया हसल्या. मग पंचफुलाबाईने दोर ओढता ओढता सूर धरला:

*माह्या विहिरीचं पानी, जसं चांदीचं वं तार*
*साहेब घेऊन आला, इखाचे डबे चार*

ही रीतसर हरकत होती. परंतु नमुन्यात पद्यासाठी रकाना नसल्यामुळे वामनरावांनी लिहिले, 'स्थानिक महिलांनी गीत गाऊन पाहणीचे स्वागत केले.' लिहिताना त्यांना तांब्या आठवला, आणि ओळ जरा वाकडी गेली.

चैत्रात नगरपालिकेची समिती शेवटच्या शिक्कामोर्तबासाठी पश्चिमेला आली. महादेवराव छत्रीखाली उभे होते. पंचफुलाबाईने पदराची गाठ सोडून कापसाचा पुंजका वामनरावांपुढे धरला.

"आता सोडा न साहेब. यंत्र त तुमचंच हाये."

चैत्रात वारा फिरतो, हे वामनरावांना ठाऊक होते. त्यांनी छत्रीकडे पाहिले, विहिरीकडे पाहिले, आणि बोटे उघडली. पुंजका उठला, विहिरीवर क्षणभर घुटमळला, चिंचेवरून तरंगत गावाकडे निघाला.

"अरे, हा कुठं चालला?" महादेवराव म्हणाले.

"तुमच्याच माडीवर, अध्यक्षसाहेब," पंचफुलाबाई म्हणाली. "पापड वाळून राह्यले न तथी."

जागा पाच मिनिटांत बाद झाली. विहीर, घरे आणि माणसे हे मुद्दे विचारात घ्यावेच लागले नाहीत, इतकी शास्त्राची साथ भक्कम होती. पुढच्याच बैठकीत पूर्वेला दोन मैलांवर, नाल्यापलीकडे, नवी जागा ठरली. पौषात वारा पुन्हा उलटा फिरेल, अशी शंका वामनरावांनी काढली. त्यावर पौषात गावाची नाके सर्दीने बंद असतात, असा वैद्यांचा दाखला जोडण्यात आला.

वामनराव नव्या जागेची बातमी द्यायला वस्तीत गेले. गूळ-फुटाणे वाटले जात होते. पंचफुलाबाईने त्यांच्यापुढे फुटाण्यांची मूठ उघडली, आणि एकदम विचारले, "नाल्यापल्याड कोन रायते साहेब?"

वामनरावांनी नकाशा काढला. उन्हात धरला, नीट पाहिला.

"कोरं आहे."

पंचफुलाबाईची मूठ मिटली. "आमीबी कोरेच होतो न साहेब," ती म्हणाली.

वामनरावांनी नकाशाची घडी घातली. फुटाणे मागितले नाहीत.

अहवाल वैशाखात मंजूर झाला. त्यात 'मनुष्यवस्ती: निरंक' असे लिहिले आहे, आणि खाली सर्वांच्या सह्या आहेत. विहीर वाचली तेव्हा, वाचकहो, तुम्हीही एक सुस्कारा सोडलात, आणि नाल्यापलीकडे कोण राहते हे पंचफुलाबाईच्या आधी विचारले नाहीत. त्याचीही नोंद घेतली आहे. 'वाचकांची हरकत: निरंक.'