जुंप म्हणाले, जुंपली!

"गोठ्यात काय चुकनार हाय? बैलं काय पाहुन्यांकडं चुगल्या करनार हायेत व्हय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी कारभारीनं हे वाक्य अख्ख्या भावकीपुढं छाती ठोकून टाकलं आणि सुपारी तोंडात टाकली. लेक मनकर्णा, घरातली मनी, तिचं लग्न उद्या. वऱ्हाड चितळीचं. मांडव पुणतांब्याच्या वेशीपासून दिसेल एवढा उंच. सगळी तयारी चोख होती. प्रश्न एकच उरला होता, आणि तो मांडवाच्या खांबाला टेकून मुकाट्यानं उभा होता. त्याचं नाव गोरक्ष. कारभारीचा धाकटा भाऊ.

गोरक्ष पस्तिशीचा, अंगानं धडधाकट, कामाला वाघ. पण बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचा नाही, बघितलंच तर कानाकडं बघायचा. ताटात आमटी भाताला लागली की उठून जायचा. आज एखादा डॉक्टर त्याला पटकन नाव देईल. १९७१ साली गावाकडं त्याच्यासाठी दोनच नावं होती, अर्धवट किंवा देवमाणूस. दोन्ही चुकीची!

गोरक्षला माणसांचं भारी कुतूहल होतं. माणसं बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरंच, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. असं का करतात, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. शेजारची साळूबाई रोज म्हणायची, "या की जेवायला!" एकदा तो गेला. पाट घेऊन बसला. साळूबाईनं धावत जाऊन दुसऱ्या घरून पीठ उसनं आणलं आणि महिनाभर गावभर सांगितलं. पुढं मालनबाईच्या नातवाचं बारसं झालं. मालनबाईनं कौतुकानं विचारलं, "कसं दिसतंय रे आमचं बाळ?" गोरक्षनं नीट वाकून बघितलं आणि म्हणाला, "माकडावानी. पन पयल्या दिवसांत समदीच तशी दिसत्यात."

तेव्हापासून गोरक्षला समारंभ बंद!

"ऐक," कारभारी त्याला म्हणाला, "पाहुन्यांची बैलं तुझ्याकडं. त्यांनी पानी म्हनलं, पानी पाजायचं. वैरन म्हनलं, वैरन टाकायची. जुंप म्हनलं, जुंपायचं. उलटं बोलायचं न्हाई. आन् 'का' म्हनून तर अजिबात इचारायचं न्हाई!"

"बरं," गोरक्ष म्हणाला. त्याला आनंदच झाला. मांडवावर भोंगा बांधला होता आणि त्यातून सकाळपासून सनया किंचाळत होत्या. त्या आवाजानं त्याच्या डोक्यात कोणी बाभळीचे काटे भरल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा बैलं बरी.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. त्यांना उतरायला जानोसा शाळेत दिला होता. शाळेमागं चिंचेखाली गोरक्ष बैलांना पाणी पाजत होता. त्यात एक खिल्लारी जोडी अशी देखणी, की तो बादली हातात धरून तिच्या शिंगांकडं बघतच राहिला. ती होती आप्पासाहेबांची.

आता आप्पासाहेब कोण, ते सांगायला हवं. नवरदेवाचा थोरला चुलता. फेटा एवढा मोठा की दारातून आधी फेटा आत यायचा, मग आप्पासाहेब. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. ते रुसायचे! भावकीतल्या एकाही लग्नात ते रुसले नाहीत असं झालं नव्हतं. कधी पानात चुना जास्त, तर कधी गुलाल कमी. मग मुलीकडच्यांनी हात जोडायचे, नवा फेटा बांधायचा, आणि आप्पासाहेबांनी "बरं, तुमी एवढं म्हनताय म्हनून" असं म्हणून उठायचं. रीतच पडली होती. कारभारीनं तर त्यासाठी एक फेटा आधीच आणून ठेवला होता!

हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. गोरक्षला नव्हतं. त्याला लग्नाला नेतंय कोण?

या वेळी निमित्त झालं बशीचं. चहा आला आणि आप्पासाहेबांच्या कपाखाली बशी नव्हती.

"बशी कुठं हाय?" आप्पासाहेबांचा आवाज चढला. "चितळीच्या मानसाला नुसता कप? आमी काय मांजरं हाओत, तोंड घालून प्यायला? बास! जुंपा आमची गाडी! ह्या गावचं पानी आमाला वर्ज्य!"

"न्हाई न्हाई आप्पासाहेब, असं नका करू!" म्हणत भोवतालची जाणती मंडळी सरावानं उठली आणि कारभारीला बोलवायला मांडवाकडं पळाली. आप्पासाहेब भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, समजूत काढून घ्यायला तयार होऊन बसले.

खिडकीबाहेर गोरक्षनं एवढंच ऐकलं, "जुंपा आमची गाडी."

त्याच्या जिभेवर "का?" आलं होतं. त्यानं ते गिळलं. मग त्यानं चिंचेखाली जाऊन बसायची हलकी दमणी ओढली, खिल्लारी जोडीच्या मानेवर जू ठेवलं, जुवाच्या खुंट्या, म्हणजे शिवळा, अडकवल्या आणि गाडी थेट शाळेच्या दाराशी आणून उभी केली.

"चला," तो आप्पासाहेबांच्या कानाकडं बघत म्हणाला.

आप्पासाहेबांनी एक डोळा उघडला. "काय?"

"जुंपली."

आप्पासाहेबांनी दुसराही डोळा उघडला. खोलीत समजूत काढणारं कोणीच उरलं नव्हतं. ती सगळी माणसं कारभारीला आणायला गेली होती! उरली होती चार तरणी पोरं, आणि ती आ वासून बघत होती, आता आप्पासाहेब करतात काय. बसून राहावं तर आयुष्यभराच्या रुसव्याची अब्रू गेली. जावं तर बुंदी गेली!

आप्पासाहेब उठले. हळूहळू. फेटा काढून पुन्हा बांधला. एक पाय दमणीवर ठेवला, खाली घेतला, जोडा झटकला, पुन्हा ठेवला. म्हातारं माणूस आहे, दमलं असेल, असं वाटून गोरक्षनं मागून दोन्ही हातांनी रेटा दिला आणि त्यांना अलगद आत बसवलं. गाडी मागच्या गाडीवाटेनं निघाली. मांडवात भोंगा असा कोकलत होता की घुंगरांचा आवाज कोणाच्या कानीही गेला नाही.

वाटभर आप्पासाहेब मागं वळूनवळून बघत होते.

"जरा हळू घे."

गोरक्षनं गाडी हळू घेतली.

"बैलं दमली असत्याल."

"न्हाई दमली. आत्ताच पानी पाजलंय."

"मग मागं कोन येतंय का बघ."

"कुत्रं येतंय."

असं करत गाडी रेल्वेच्या फाटकाशी आली. फाटक बंद होतं. वैशाखाचं ऊन, आडोसा नाही. गेटमन कठड्यावर बसून विडी ओढत होता. आप्पासाहेबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तिकडं बुंदी पडायला लागली असेल, आणि इकडं कोणीच कसं येईना!

गोरक्ष मघापासून विचार करत होता. "का" विचारायचं नाही म्हणून ताकीद होती. पण ती वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या "का"ला. शेवटी येणाऱ्या "का"बद्दल कारभारी काहीच बोलला नव्हता!

"तुमाला जायाचं हाय का?" त्यानं विचारलं.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं वळून बघितलं. एवढ्या लग्नांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. सगळे "जाऊ नका" म्हणायचे. जायचं आहे का, हे कोणी विचारलं होतं?

"न्हाई," ते शेवटी म्हणाले. "जायाचं न्हाई."

"पन तुमी जुंपा म्हनाला."

"अरे, ती रीत असती! आमी जातो म्हनायचं, त्यांनी नका म्हनायचं, हात जोडायचं. मग आमी ऱ्हायचं."

"तुमी जानार न्हाई, हे त्यांना ठावं असतं?"

"असतं."

"आन् तुमाला बी?"

"असतं की!"

"मग ह्यात फसतंय कोन?"

मालगाडी आली. धूर ओकत, खडखडत, डब्यामागून डबा जाऊ लागला. गोरक्षनं दोन्ही कान दाबून धरले. शेवटचा डबा गेला.

"तुला सांगू?" गोरक्षनं कानांवरचे हात काढल्यावर ते हळू आवाजात म्हणाले. "लग्नात नवरदेवाच्या बापाला मान, मामाला मान. चुलत्याला कोन पुसतंय? रुसलं की चार मानसं भवती बसत्यात, आप्पासाहेब, आप्पासाहेब करत्यात. तेवढंच."

"मला बी कुनी पुसत न्हाई," गोरक्ष म्हणाला. "पन मला बरं वाटतं. पुसाया लागले की लई अवघड इचारत्यात."

आप्पासाहेब खदखदून हसले. इतके, की फेटा सैल झाला. तेवढ्यात फाटक उघडलं आणि गोरक्षनं बैलांना हाक दिली. दमणी रुळांकडं निघाली.

"आरं, आरं! कुठं?"

"चितळीला."

"जायाचं न्हाई म्हनलो ना!"

"व्हय. पन माघारी वळव, असं न्हाई म्हनला."

झाली पंचाईत! आप्पासाहेब आपल्या तोंडानं कधीच माघारी वळले नव्हते. त्यांना कायम दुसऱ्यांनी वळवलं होतं. त्यांनी गेटमनकडं चोरून बघितलं आणि पुटपुटले, "वळव."

"काय?" गोरक्षच्या कानात अजून मालगाडी घुमत होती.

"माघारी वळव!"

"मोठ्यानं बोला!"

"माघारी वळव रं बाबा! मला जेवायचंय!" आप्पासाहेब एवढ्या जोरात ओरडले की गेटमनच्या तोंडातली विडी पडली.

इकडं गावात काय रामायण झालं होतं म्हणता! कारभारी नवा भरजरी फेटा आणि बशी घेऊन जानोशावर पोचला, तर खाट रिकामी. "गेले!" पोरं म्हणाली. "खरोखर गेले!" रुसवा काढायची रीत सगळ्यांना ठाऊक होती. माणूस खरंच गेला तर काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं! नवरदेवाचा बाप लालबुंद झाला. "तुमच्या अर्धवट भावानं आमच्या थोरल्याला पळीवलं! थोरल्याबिगर लग्न लागनार न्हाई! आमच्या बी गाड्या जुंपा!" मनकर्णाची आई भागूबाई मुंडावळ्या हातात धरून मटकन खाली बसली. "गोठ्यात काय चुकनार हाय म्हनं!" असं भावकीतलं कोणीतरी बोललंच. कारभारीनं पुढचं ऐकू येऊ नये म्हणून हातातल्या फेट्यात तोंड खुपसलं.

शांत होत्या त्या फक्त झुंबरबाई, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळी.

"गेले? खरंच गेले?" त्यांनी पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेतली. "जलमात पयल्यांदा बोलले तसं वागले म्हनायचे! जाऊ द्या. मला वाढा."

मुहूर्ताला थोडा वेळ असताना दमणी मांडवापुढं येऊन थांबली. कारभारी भावावर हात उगारून धावला.

"गोऱ्या! तुला अक्कल हाय का?"

"हात खाली!" आप्पासाहेब दमणीतून उतरत गरजले. "त्यानं मला पळीवलं न्हाई. मी जुंप म्हनलो, त्यानं जुंपली. वळव म्हनलो, वळीवली."

कारभारीनं घाईघाईनं फेटा आणि बशी पुढं केली. "चुकलं आमचं आप्पासाहेब, पाया पडतो, पन ऱ्हावा!"

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं. "तुमी एवढं म्हनताय म्हनून" हे जिभेच्या टोकावर आलं होतं. शेजारी गोरक्ष त्यांच्या कानाकडं टक लावून बघत होता, आता काय म्हणतात म्हणून.

"मला ऱ्हायचंच हाय," आप्पासाहेब म्हणाले. "पुतन्यावर अक्षता टाकायच्यात. आन् भूक लागली."

 असं सरळ बोलणं कारभारीनं कोणत्याच लग्नात ऐकलं नव्हतं. तो बशी हातात धरून तसाच उभा राहिला.

"चल, तू बी," आप्पासाहेब गोरक्षला म्हणाले.

"न्हाई."

"आरं, पाहुनं बोलवत्यात तर असं म्हनू नये!" चारजण एकदम ओरडले.

"तो न्हाई म्हनतो म्हंजे न्हाईच असतं," आप्पासाहेब म्हणाले. मग गोरक्षकडं वळून त्यांनी विचारलं, "तुला यायचं न्हाई का?"

गोरक्षनं विचार केला. "यायचंय. मनीवर अक्षता टाकायच्यात. पन भोंगा लई वाजतो."

"बंद करा तो भोंगा!"

भोंगेवाला म्हणाला की भोंग्याशिवाय लग्नाला शोभा नाही. आप्पासाहेब म्हणाले, "मी रुसन हां!" भोंगा बंद झाला. लोकांना भटजीचे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आले. सनईच्या जागी चिमण्या ऐकू येत होत्या. आणि पुढच्या रांगेत, चुलत्याशेजारी चुलता, गोरक्षनं पुतणीवर अक्षता टाकल्या.

जेवणं झाली. पाठवणीची वेळ झाली. नवरा-नवरीसाठी आप्पासाहेबांनी आपली दमणी दिली आणि हाकायला गोरक्षच पाहिजे म्हणून सांगितलं. मनकर्णा आईच्या गळ्यात पडली आणि तिनं हंबरडा फोडला, "आई! मला न्हाई जायचं गं! मी न्हाई जायची!"

त्याबरोबर सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं. सगळ्या माना गोरक्षकडं वळल्या. दोघांनी तर त्याचे दंडच धरले! कारभारी धावत पुढं आला. ह्यानं आता दमणी जुंपलीच नाही तर?

गोरक्ष मात्र जागचा हलला नाही. दिवसभरात एक गोष्ट तो शिकला होता.

"मने," त्यानं विचारलं, "खरं का नुसतं?"

मनकर्णानं आईच्या खांद्यावरून मान वर केली. पदरानं नाक पुसलं. चुलत्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"थोडं खरं, नाना," ती म्हणाली. "थोडं नुसतं."

गोरक्ष दचकलाच. हे नवंच होतं! माणसाच्या मनात दोन्ही एकदम असू शकतं, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं एकदा दोन्ही बैलांकडं बघितलं. मग शिवळ हातात घेऊन म्हणाला,

"मग एकच बैल जुंपू?"

सगळा मांडव हसला. रडणाऱ्या बायाही हसल्या. गोरक्षला हसू आलं नाही. तो शिवळ धरून उत्तराची वाट बघत उभा होता. आणि रडू आणि हसू दोन्ही एकदम आलेल्या मनकर्णानंच त्याला उत्तर दिलं.

"दोन्ही जुंपा, नाना. पन हळू हाका."

हळू म्हणजे किती हळू, ते तिनं सांगितलं नव्हतं. दमणी इतकी हळू निघाली, की अर्ध्या वाटेत नवरदेव वैतागून खाली उतरला, चालायला लागला, आणि नवरीच्या किती तरी आधी एकटाच घरी पोचला!