तापाचं गोत

राठोडभाऊ पेशंटचं नाव विचारण्याआधी तापाचं गाव विचारत. "तुमचं राहू द्या. ताप कुठला हाय?"

झरी जामणीकडच्या आमच्या दवाखान्यात ते रक्त तपासायचे, मी औषधं द्यायचो. कण्हत आलेली म्हातारी गोंधळून म्हणे, "बाप्पा, माह्या घरचाच हाय!"

"घरचा कोणताच नसते, मावशी. कोणाकडं गेलत्या? कोण आलतं?" मग वहीत या घरातून त्या घरात रेघा. "आमच्या बंजाऱ्यायच्या तांड्यात पाव्हण्याले पह्यले गोत विचारतेत," हे त्यांचं पालुपद. इकडे रांग खोळंबे आणि मी चिडून त्यांना 'तापाचे भाट' म्हणे.

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांत चिकनगुनिया आला. ऐन वेचणीत माणसं सांधे धरून बसली. तांड्यावर एकट्या राहणाऱ्या भाऊंच्या याडीची, म्हणजे आईची, बोटं आखडली. वेचणीला आंध्रातून मजूर आले होते. तांड्यानं खापर त्यांच्यावर फोडलं आणि हातपंपावर त्यांना पाणी बंद केलं.

भाऊंनी रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेकडे पाठवायला लावले आणि रोज टपालाची वाट पाहिली. अखेर आमच्या डॉक्टरांनी आलेला अहवाल समजावला. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुकतो. सारख्या चुका सापडल्या की घराणं एक. "याचं घराणं आफ्रिकेकडचं. समुद्र ओलांडून आलंय."

"तांड्यात कोणी आणला?"

"ते यातून कळत नाही, राठोड. सगळ्यांचा सारखाच आहे."

भाऊंनी वही उघडून तांड्याच्या रेघा मागं मागं तपासल्या. मग मला म्हणाले, "लग्नाले आदिलाबादले गेलतो, तवा तिकडं साथ होती. मजूर यायच्या आधीच मले ताप आलता. याडीकडंच पडून होतो."

मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

ते गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पण रविवारी मला घेऊन ते तांड्यावर गेले आणि नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, उभे राहिले. "ताप मीच आणला असन. त्या लोकायले पाणी भरू द्या."

नायकानं खाली मान घालून होकार दिला.

घरी याडी ओसरीवर बसली होती. भाऊंनी तिची वाकडी बोटं हातात घेतली आणि माफी मागताना त्यांना रडू फुटलं. मला कळावं म्हणून ती बंजारा बोली सोडून मराठीतच बोलली,

"त्या तापापायी त तू आठ दिस माह्यापाशी राह्यला रे. नाही त कवा राह्यते?"