वानखडेकाका आणि अंदमानचं पोवळं

शर्ट घेण्याआधी कापडाचा धागा काडीने जाळून बघणारा माणूस बाभुळगावात एकच, आमचे शेजारी वानखडेकाका. धाग्याची राख झाली तर कापड सुती. कडक गोळी झाली तर काका तिथेच कडाडतात, "हे कापड नोहे, प्लास्टिक हाय!" हल्ली ते दिसले की दुकानदार आधी काडेपेटी लपवतो.

काका निवृत्त लाईनमन. काकू गेल्यापासून घरात एकटेच. एकुलती एक मुलगी सुजाता अंदमानच्या एका लांबच्या बेटावर प्रवाळांचा अभ्यास करते. काकांनी स्वतः समुद्र कधी पाहिलेला नाही, पण काळजी मात्र अशी करतात, जणू तो परसातच आहे.

एका रविवारी ते थेट आमच्या मोरीत शिरले आणि वॉशिंग मशीनच्या पाइपला मांजरपाटाची पिशवी बांधू लागले.

"काहून वो काका?" बायकोने विचारलं.

"सूनबाई, तुमच्या पॉलिस्टर साड्यायचे बारीक धागे नालीत जातेत. नालीतून बेंबळा नदीत, मंग वर्धा नदीत, मंग गोदावरीतून समुद्रात. तिथं पोवळं ते चारा समजून गिळते. अंगठीतलं पोवळं पाह्यलं ना? तेच, पण जितं. पोट भरल्यावानी वाटते अन् उपाशी मरते बिचारं."

आठवड्याने पिशवीतून मळकट कापसासारखा गोळा निघाला. काकांनी तो आमच्या नावासकट गल्लीभर दाखवला. बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पिशवी मात्र तिने काढली नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेवढ्यात सुजाताचा फोन आला. काकांनी झटकन वही ओढली. "आज कोन्या बाजूले गेलती? पाण्यात प्लास्टिकचे कण केवढाले होते? रंग कोणता?" ती भरभरून सांगत होती, काका लिहून घेत होते. रेंज गेली तेव्हा अर्धा तास उलटला होता.

"काका, पोरगी जेवली का, तब्येत कशी, हेही विचारा की कधी," मी म्हणालो.

काका चष्मा पुसत राहिले.

"आधी तेच विचारत होतो. 'बरी हावो' म्हणे अन् ठेवून दे. तिची माय गेल्यावर आमचं बोलणं दोन मिनिटांचं होऊन गेलतं. मंग एक दिवस सहज पोवळ्याचं विचारलं, त पोट्टी थांबेच ना." त्यांनी वही मिटली. "मले समजते अर्धंच. म्हणून लिहून ठेवतो. उद्या विचाराले काही पायजे ना."