शेव पाडणारे आप्पा

बायकोलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. दत्तूआप्पांच्या लेकीच्या नावानं मी त्यांना एक वाक्य बोललो आहे, आणि ते तिचं नव्हतं. कसं बोललो हे सांगायचं, तर आधी आप्पांची शेव सांगायला हवी.

कापूरहोळच्या फाट्यावर आप्पांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी राहायला वरव्याला, कारकुनी भोरला. संध्याकाळी फाट्यावर एस.टी. बदलायची, ती येईपर्यंत आप्पांच्या बाकड्यावर टेकायचं. आप्पा साठीचे, बायको वारलेली. दुकानाच्या कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर, त्यात राज्य चालवायचा खेळ. गावं वसवा, महसूल गोळा करा, फौज पोसा, शेजारच्या राजाशी तह करा नाहीतर त्याच्यावर चालून जा. खेळ आहे तिथं जपून ठेवायला पोरं ‘सेव्ह’ म्हणतात. आप्पा म्हणतात शेव. आणि ती करत नाहीत, पाडतात.

फौज हलवायच्या आधी शेव. कर वाढवायच्या आधी शेव. चहाला उठायच्या आधी शेव, कारण “आपुन चहा पितोय तवर दुश्मन काय चहा पीत न्हाई.” प्रत्येक शेवेला नाव: ‘हल्ल्याआधी’, ‘हल्ल्याआधीच्या आधी’, ‘शेवटची शेव’, ‘शेवटचीच्या नंतरची’.

एकदा एक शेतकरी मोटार न्यायला आला. आप्पा म्हणाले, “बस जरा, शेव पाडतो नि आलोच.”

“आवं आप्पा, शेव घरी पाडा,” तो म्हणाला. “हितं ऊस वाळाय लागलाय.”

खऱ्या राज्याशेजारी आप्पांनी एक खोटं राज्यही ठेवलेलं होतं. त्याचं नाव तालीम. शेजाऱ्यावर हल्ला करायचा तर आधी तालमीत करून बघायचा, फौज बुडवायची, खजिना उधळायचा, आणि शहाणं होऊन खऱ्या राज्यात यायचं. “तालमीत आपटलेला मानूस मरत न्हाई, भाऊसाहेब,” असं ते मला समजावत.

ही तालीम कॉम्प्युटरपुरती राहिली असती तर बरं होतं. भाटघरला एका लग्नाला जायचं होतं, तर आप्पा आदल्या दिवशीच जाऊन आले. रस्ता, कार्यालय, चप्पल काढायची जागा, सगळं बघितलं. मांडववाल्यांनी आग्रह करून जेवायला बसवलं. लग्नादिवशी पंगतीत बोलावलं तर म्हणाले, “नगं, माझं काल झालंय.” यजमान अजून त्यांच्याकडे जपून बघतात.

कॉम्प्युटर मुळात त्यांच्या लेकीचा. सुमीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा आप्पा तिला दारात नको ते बोलले. ती पुण्याला निघून गेली, खेळ इथंच राहिला. तिनंच कधीतरी त्यांना शिकवलं होतं, “आप्पा, आधी सेव्ह करा, मग काय करायचं ते करा.” हे सांगून एकदा आप्पांनी पडद्याकडे बघतच मला विचारलं, “माणसाला त्या भांडणाच्या आदली शेव कुठं घावत नसंल, न्हाई?” मी चहा संपवला.

मग त्यांनी ठरवलं, सुमीला फोन करायचा. पण तालमीशिवाय कसा? मला बाकड्याच्या टोकाला बसवलं, हातात पान्हा दिला. तो माझा फोन.

“तुमी सुमी व्हा.”

मी, मिशा असलेला माणूस, बारीक आवाजात म्हणालो, “हॅलो, कोण?”

“सुमी खाकरत न्हाई बोलताना. परत.”

कधी मी रागावलेली सुमी, कधी रडणारी, कधी स्वयंपाकाच्या गडबडीतली. “आता जावयानं फोन उचलला,” म्हणाले, की मी जावई. चहा देणाऱ्या बाई म्हणत, “भाऊसाहेब, लुगडं आणू का?” आप्पा मात्र हसत नसत. बोलता बोलता त्यांच्या कपाळाला घाम येई.

एक दिवस कचेरीत साहेबांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली होती. एस.टी. फाट्यावर येऊन लागली होती. आप्पा म्हणाले, “एकदाच, भाऊसाहेब. आज करतोच फोन.” पान्हा पुढं केला.

मी उभ्या उभ्याच बारीक आवाज काढला. “आप्पा, लई उशीर केलात. आता फोन करू नका.” आणि पळत जाऊन जागा धरली. खिडकीजवळची मिळाली.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आप्पा म्हणतील, परत. खेळात हरलं की ते नेहमी मागं जाऊन पुन्हा खेळायचे. पण त्यांनी माझ्यापुढं चहा सरकवला.

“बरं केलंत,” ते म्हणाले. “पोरगी हेच म्हनली असती. तुमी आदीच म्हनलात, म्हनून तिच्या तोंडून ऐकाय लागलं न्हाई.”

“आप्पा, ती तालीम होती.”

“व्हय. तालमीतच कळतं की.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कप ठेवला आणि पावसापाण्याचं विचारलं. आजही त्याच बाकड्यावर बसतो. आप्पांनी फोन केलेला नाही.

सुमी काय म्हणाली असती, मला माहीत नाही. तिला मी कधी नीट भेटलेलोही नाही. ते वाक्य माझं होतं, गाडी चुकेल म्हणून काढलेलं. एवढं सांगण्याचं देणं मी आप्पांना लागतो.