काटा बरोबर आहे

वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांना ऑफिसात सगळे ‘मिलीग्रॅम’ म्हणत. (स्वतःचं वजन चौऱ्याण्णव किलो दोनशे ग्रॅम, पण टोपणनाव ठेवताना कोण वजन करून बघतो?) बावीस वर्षांच्या नोकरीत एकाही काट्याने त्यांना फसवलं नव्हतं. ते शिरले की दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहत, आणि या उठून उभं राहण्यावर मिलीग्रॅमांचा फार जीव होता.

म्हणूनच वार्षिक तपासणीत खात्याच्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या, ते ऐकून ते हबकले. बारा आठवड्यांत सहा किलो उतरवा, नाहीतर फिरतीचं काम बंद आणि रेकॉर्ड रूममध्ये बदली. रेकॉर्ड रूममध्ये उभं राहायला फक्त फायली होत्या, आणि त्याही आडव्या.

उपाय बाईंनीच सांगितला. रोज सकाळी सायकल. एक मिनिट जीव खाऊन, दोन मिनिटं रमतगमत, असं आठ वेळा; आधीची-नंतरची साधी चाल धरून पाऊण तास. मिलीग्रॅमांनी त्याच संध्याकाळी सायकल आणली आणि स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं.

दर रविवारी वजन. ते अचूक हवं म्हणून घड्याळ उतरे, अंगठी उतरे, शेवटी चष्माही उतरे (अठ्ठावीस ग्रॅम, खात्याच्या काट्यावर मोजलेले). चष्म्याशिवाय त्यांना आकडा काय, स्वतःचे पायही दिसत नसत. (पाय न दिसायला आणखी एक कारण होतं, पण तो विषय घरात कोणी काढत नसे.) तेव्हा आकडा वाचायचं काम बायकोकडे आलं.

पहिल्याच रविवारी काट्यावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की अर्धा किलो उतरलं नसेल तर हे सगळं थोतांड आहे आणि उद्या सायकल विकणार. बायको वाकली, तिने बघितलं, जरा थांबली आणि म्हणाली, “त्र्याण्णव सातशे.”

मग काय विचारता. दर रविवारी अर्धा किलो, न चुकता. पँटी मात्र सैल व्हायचं नाव घेईनात. मिलीग्रॅमांनी इस्त्रीवाल्याला बोलावून, कापड आटवतोस म्हणून चांगलं झापलं. कापड खोटं बोलेल, काटा बोलणार नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. बाराव्या रविवारी बायकोने अठ्ठ्याऐंशी दोनशे वाचले आणि सोमवारी ते छाती काढून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंच्या काट्याने चौऱ्याण्णव दोनशे दाखवले.

मिलीग्रॅमांनी पाय बदलून पाहिले, श्वास सोडून पाहिला. मग अधिकारवाणीने म्हणाले, “हा काटा मी जप्त करतोय.”

“खुशाल करा,” बाई म्हणाल्या. “मागच्याच महिन्यात पास होऊन आलाय. शिक्क्याखाली सही तुमची आहे.”

त्यांनी वाकून पाहिलं. सही त्यांचीच होती, तारखेसकट.

म्हणजे घरचा काटा खोटा. ऑफिसातून वीस-वीस किलोची चार प्रमाणित वजनं गाडीत टाकून ते घरी आले, तर लिफ्ट बंद. एकेक वजन उराशी धरून तीन मजले चार वेळा चढले. घामाने निथळत त्यांनी एकावर एक वजनं रचली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. घरचा काटा ग्रॅमला ग्रॅम बरोबर होता.

दोन काटे, दोन्ही खरे, माणूस एक आणि फरक सहा किलोंचा. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पृथ्वी जरा जास्त ओढते की काय, इथपर्यंत त्यांची मजल गेली. शेवटी वजनं बाजूला करून ते स्वतः चढले. घाईत चष्मा उतरवायचा राहिला होता. पोट आत ओढून त्यांनी खाली पाहिलं. चौऱ्याण्णव. (दोनशे ग्रॅम जिन्यात गळाले होते.)

मग त्यांनी सावकाश मान वळवली. बायको मटार सोलत होती.

“अगं, बारा आठवडे तू मला खोटे आकडे सांगितलेस?”

“पहिल्या रविवारी खरंच सांगणार होते,” ती म्हणाली. “पण त्या आठवड्यात रोज सकाळी पाऊण तास माझ्या मागे उभं राहून कुणी साखरेचे चमचे मोजले नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा मी चहा गरम प्यायले.”

“आणि माझ्या फिरतीचं काय?”

“रोज सायकल चालवणारा माणूस उतरेलच कधीतरी, असं वाटलं. मी आपलं आगाऊ सांगत होते. शर्टावर टोस्टचा चुरा आणि लोण्याचे डाग दिसायला लागले, तोवर फार उशीर झाला होता.”

चुरा खरा होता. चौथ्या फेरीनंतरची रमतगमत बेकरीच्या बाकावर वीस मिनिटं चाले, आणि तिथले टोस्ट ही एवढीच गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी मोजली नव्हती.

बदली झाली. रेकॉर्ड रूम अकराला उघडायची. पहिल्याच सकाळी वेळच वेळ असल्यामुळे मिलीग्रॅम लहान काटा घेऊन ओट्याशी उभे राहिले आणि साखर जास्त पडतेय म्हणाले. बायकोने गॅस बंद केला, बुटांच्या नाड्या बांधल्या, त्यांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि सायकल घेऊन निघून गेली. त्यानंतर ती रोज जायला लागली. बेकरीच्या उलट दिशेला.

आठव्या रविवारी ती काट्यावर उभी राहिली. आकडा मिलीग्रॅमांनी वाचला, चष्मा पुसून, दोनदा. चार किलो उतरलं होतं.

“नीट बघितलंत ना?” ती म्हणाली. “मग चहा टाका. साखर तुम्हीच मोजा.”

मिलीग्रॅम काट्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हा काटा जरा खोटा निघाला असता तर बरं झालं असतं.