दोन दावणींची जोडी

माधवअण्णा हार्डडिस्क कानाला लावून घेतात. म्हणजे दुकानदाराला ती आधी चालू करायला लावतात, मग वाकून तिच्यावर कान टेकवतात आणि डोळे मिटतात. बीदरचा दुकानदार बिचारा चक्रावला.

"क्या सुन रहें, चाचा?"

"चाल," अण्णा म्हणाले. मग डिस्कच्या पाठीवर तळवा ठेवून ती किती तापते ते पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई. धापा टाकायलीय."

मी शेजारीच उभा होतो, आणि आपण यांच्याबरोबर आलोच नाही असा चेहरा करत होतो.

हुलसुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मला कॉम्प्युटरमधलंही सगळं कळत असणार, अशी अण्णांची समजूत. त्यांचे वडील बैलांचे मोठे पारखी होते. अण्णांनी मात्र शेती भावाच्या हवाली केली आणि व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेतला. आमच्याकडे मुहूर्त टळला तरी चालायचा, पण अण्णा आल्याशिवाय अक्षता पडत नसत.

हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी कॅमेरा ठेवला आणि घरातल्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरात भरल्या. गल्लीतली लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंगं, गाणगापूरच्या पालख्या. गच्चीवर वायफायचे डबे टांगले. आता कुणीही आपापल्या घरी टीव्ही लावावा आणि आपलंच लग्न बघावं. फुकट.

अण्णा स्वतः यातलं काही बघत नसत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक पाटी दिसायची, कुणाच्या घरी काय चालू आहे ते सांगणारी. संध्याकाळी ते तिच्यासमोर बसायचे. "शेवंताअक्का बघायल्यात, लेकीचं लग्न. पाठवणीला आल्या. हां, थांबवल्या बघा. डोळे पुसायल्या असतील." मी म्हणायचो, अण्णा, हा चोंबडेपणा आहे. ते म्हणायचे, "मास्तर, घरात माणसं असल्यावाणी वाटतंय." काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा हैदराबादेत होता. तरी मी ते बोलणं हसण्यावारी नेलं.

यंदा उन्हाळ्यात जुनी डिस्क टकटक करायला लागली. अण्णांनी त्याच दिवशी सगळं बंद केलं. "आजारी बैल जुवाला लावायचा न्हाई." नवी डिस्क आली की त्या जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं, असं ठरलं. पण नवी एक नको, जोडी पाहिजे. दोन्हीवर तेच राहील, एक बसली तर दुसरी ओढेल. इथपर्यंत मलाही पटलं.

"मग दोन्ही इथंच घ्या की," मी त्या बीदरच्या दुकानात म्हणालो.

"एका दावणीचे दोन? साथ आली की दोघं बी एकदमच जात्यात, मास्तर. दावण येगळी पाहिजे."

मला हसू आवरेना. पण दुकानदार हसला नाही. चाचांचं बरोबर आहे म्हणाला, एका खेपेचा माल कधीकधी एकदमच बिघडतो. माझ्या गणिताची अब्रू तिथेच गेली.

त्यानंतर जोडी काही जुळेना. ही तापते, तिची चाल जड, अमकी मोठी आहे पण रवंथ फार करते. अण्णा कधी बीदरला, कधी हैदराबादला जायचे आणि हात हलवत परत यायचे. इकडे गल्ली कासावीस. शेवंताअक्का रोज संध्याकाळी दारात. तहसीलमधले गौतमराव ऑफिस सुटलं की सरळ अण्णांकडे. त्यांचे वडील कसल्याशा सभेत भाषण करताना अण्णांच्या एकाच कॅसेटमध्ये होते, दुसरं कुठेच नाही.

"अण्णा, कामून उशीर व्हायलाय एवढा?"

"बघायलोय की. बसा, च्या घ्या."

आणि लोक बसायचे. अक्का लेकीच्या लग्नात वरमाय कशी रुसली ते सांगायच्या, गौतमराव वडिलांच्या भाषणाची नक्कल करायचे, अण्णा "त्या टायमाला कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती" म्हणून भर घालायचे. मी मात्र वैतागलो होतो. माणसानं चोखंदळ असावं, पण किती?

एके दिवशी चहाला साखर कमी पडली. अण्णा दूध बघत होते, म्हणून मीच कपाट उघडलं. साखरेच्या डब्यामागे दोन खोकी होती. एकावर बीदरच्या दुकानाचा कागद, दुसऱ्यावर हैदराबादच्या. दोन्हींवर हळदकुंकू लावलेलं, आणि ते वाळून पार फिकं पडलेलं.

मी वळलो. अण्णा माझ्याकडेच बघत होते, हातात पातेलं धरून. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. हा माणूस जोडी शोधत नव्हता, तर ती सापडल्याचं लपवत होता.

बाहेरून अक्का ओरडल्या, "व्हय हो अण्णा, मिळाली का न्हाई जोडी?"

मी डबा घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, "न्हाई हो अक्का. जोडी जुळायला येळ लागतोय."

"लागू द्या," अक्का म्हणाल्या. "सुरू झालं तरी मी हितंच येणार हाय बघा. घरी एकटीनं बघायचं म्हंजे काय लग्न हाय का ते? रडाय लागलं तर पाणी द्यायला बी कुणी न्हाई."

आत पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्याच दिवशी अण्णांनी खोकी फोडली. जोडी जुंपली, सगळं उतरवून घेतलं आणि संध्याकाळी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला. अक्का पाटावर, गौतमराव पायरीवर, बाकीची गल्ली जिथे जागा मिळेल तिथे. पाठवणी आली तेव्हा अण्णांनीच उठून अक्कांना पाणी दिलं.

मी आत जाऊन कॉम्प्युटरवरची पाटी पाहिली. साऱ्या गल्लीत एकच टीव्ही चालू होता, अण्णांचा. सांगायला बाहेर आलो, पण अण्णांना ती पाटी बघायला सवड नव्हती. ते चहाच्या कपांची जुळवाजुळव करत होते आणि कप कमी पडत होते.