पाच मशिनींचा तांडेल

आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात तांडेल रोज पाच जणांशी भांडतो, आणि ते पाचही जण तो स्वतःच असतो. पुढ्यात तीन लॅपटॉप, दोन मोबाईल, सगळ्यांवर एकच पान उघडलेलं. डाव्या हाताने एकावर 'चहा' टाइप करायचा, उजव्या हाताने दुसऱ्यावर 'कॉफी'. त्याच क्षणी, त्याच ओळीत. पडद्यावर 'चकॉहाफी' उमटलं की कपाळावर हात! "अरे देवा, झाली ह्यांची मारामारी!"

एकाच पानावर अनेक जणांना एकाच वेळी लिहिता येईल असं ॲप आम्ही बनवतोय. बनवणारा तांडेल, चुका काढणारी मी. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

"ज्याचं शेवटी आलं त्याचं ठेव ना," मी एकदा म्हटलं. "विषय संपला."

"आणि आधीच्याने लिहिलेलं? कोणाचं अक्षर वाया जाता कामा नये, मॅडम."

हे वाक्य दिवसातून दहा वेळा. मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलले तरी हा हात वर करतो, "थांबा, दोघांचं घेऊ." वैताग नुसता!

एकदा मला बसने शीळफाट्याला घेऊन गेला. का, तर वाटेत नेट जातं! नेट नसताना लिहिलेलं नंतर नीट जागेवर बसतं का, ते बघायचं होतं. तीनदा गेलो, तीनदा आलो. कंडक्टरने विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

"ह्याचं डोकं," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात मात्र खरंच जुंपली. आमच्या मॅनेजरने, रेवतीने, फर्मान काढलं की तीस सेकंद जो काही लिहिणार नाही त्याला पानाबाहेर काढायचं आणि त्याची अर्धवट ओळ पुसायची. सर्व्हरवरचा ताण कमी होईल. तांडेल अडून बसला. "माणूस विचार करत असेल तर?" शेवटी कंटाळून मीच, त्याला न विचारता, तो नियम टेस्टिंगसाठी चालू करून टाकला.

दुपारी तांडेल डबा न उघडता मोबाईलकडे बघत बसलेला. पानावर 'जे' उमटलं. पुसलं गेलं. पुन्हा 'जे'. पुन्हा गायब.

"कोण रे हा ढिम्म?" मी हसत विचारलं.

"बाबा आहेत," तो म्हणाला. "होडीवरून हाक मारली की खाडीपलीकडे ऐकू जायची. झटका आल्यापासून बोलता येत नाही. एका बोटाने लिहितात, अक्षराला मिनिट लागतं. रोज ह्या वेळेला घरून आपल्याच ॲपवर मला लिहितात. आज काय झालंय कळत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीच केलंय रे," म्हटलं आणि धावत जाऊन नियम बंद केला. रेवतीला काय सांगायचं ते नंतर बघू.

परत आले तेव्हा 'जेव' झालेलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी खुर्ची ओढून बसले. 'जेवलास का' पूर्ण व्हायला सहा मिनिटं लागली.

ऑफिसात सगळ्यात भरभर टाइप करणारा हा माणूस मग एका बोटाने, प्रत्येक अक्षरानंतर थांबत, उत्तर लिहायला लागला.